कांदा इकडचा, कांदा तिकडचा

दिवाळी दाराशी आली, की आमच्या घरी दोन गोष्टींचा भाव रोज निघतो : खोबऱ्याचा आणि कांद्याचा. खोबरे काय, चिवड्यापुरते लागते. कांद्यावाचून मात्र आमची चूल पेटत नाही, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. बाजाराचे व्याकरण मी त्यांच्याकडूनच शिकलो. तरीही कांद्याचा एक धडा मला फार उशिरा, आणि मान खाली घालून, शिकावा लागला.

८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. वर्तमानपत्र वाचता वाचता मी म्हणालो, "बरे झाले! आता भाव उतरेल." समोर चहाचा पेला हातात धरून माझा मामेभाऊ बसला होता. तो निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. तो एवढेच म्हणाला, "दादा, लाल कांदा काढून पडलाय. उन्हाळी असता तर चाळीत भरला असता. हा कुठं ठेवू?"

मी गप्प बसलो. आपल्याकडे खरिपाचा लाल, मागाहूनचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळी अशी तीन पिके निघतात. टिकतो तो उन्हाळीच. मार्च ते मेमध्ये काढलेला हा कांदा बांबूच्या हवेशीर चाळीत दसऱ्या-दिवाळीपर्यंत पुरवायचा. त्यात काही सडतो, काहीला कोंब फुटतो, उरलेल्याचे वजन घटते. लाल कांद्याला तर तेवढाही धीर नसतो.

या धड्यामागोमाग मी शेजारच्या बांगलादेशापर्यंत जाऊन पोहोचलो. तेथेही, फरीदपूर आणि पाबना या जिल्ह्यांत, मुख्य पीक मार्च-एप्रिलचेच. शेतकरी ते पत्र्याखालच्या बांबूच्या माच्यावर साठवतो. नवा कांदा यायचा डिसेंबरात. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांत तिकडचा माचा आणि इकडची चाळ एकदमच रिकामी होत येते! २०२२-२३ साली त्या देशाचे उत्पादन सरकारी हिशेबाने ३४ लाख टनांच्या आसपास, म्हणजे गरजेपेक्षा अधिक होते. पण पिकणे निराळे आणि टिकणे निराळे. जे सडते ते भरून काढायला नाशिकचा कांदा सीमा ओलांडतो.

२०१९ साली आपल्याकडे पावसाने पीक नासले आणि २९ सप्टेंबरला निर्यात थांबली. नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २५० टाक्यांवर गेला. विमानाने कांदा आणावा लागला. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत हसत हसत सांगितले होते, की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून बजावले आहे. पुढल्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली. सीमेवर मालमोटारी उभ्या राहिल्या आणि काहींतला कांदा जागच्या जागी कुजला. तो ना त्यांच्या पानात पडला, ना आपल्या.

शेजारी मग शहाणा झाला. उन्हाळ्या-पावसाळ्यात येणारा कांदा लावायला तेथील सरकारने उत्तेजन दिले, आणि त्यासाठी बियाणे वाटले ते कोणते? एन-५३! मूळ नाशिकच्याच वाणातून निवडलेले! कांदा आपण अडवला. बी मात्र गेले आणि रुजले. २०२५ साली तर आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांनीच बरेच महिने आयातीचे परवाने रोखून धरले. गेलेले गिऱ्हाईक परत येतेच असे नाही, हे कोपऱ्यावरचा वाणीही सांगेल.

गृहिणीची तक्रार खोटी नव्हे. १९९८ साली कांद्याने दिल्लीचे सरकार हलवले, ते उगीच नाही. पण दारे लावून भाव महिनाभर उतरतो. चाळ सुधारली, तर दोन्ही देशांतली चूल आणि शेत, दोन्ही सावरतील.

दिवाळीत मामेभाऊ नेहमीप्रमाणे निवडक कांद्यांची गोणी घेऊन येईल. भाव चढला-उतरला, तरी "बरे झाले" म्हणण्याआधी आता मी स्वतःलाच विचारतो : बरे झाले, पण कोणाचे?