मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये सुट्टी, पण ऑफिस चालू. असं का होतं?

सप्टेंबर २०२५. ईद-ए-मिलादची सुट्टी ५ तारखेला, शुक्रवारी, असं राज्याच्या यादीत आधीच ठरलेलं. पण ६ तारखेला अनंत चतुर्दशी. विसर्जन आणि जुलूस एकावर एक नकोत म्हणून सरकारनं अगदी सणाच्या तोंडावर सुट्टी ८ तारखेवर नेली. तीही फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती. ठाण्यापासून पुढे सगळीकडे ५ तारीखच.

आता विचार करा, एखादी पोरगी कॅलेंडरचं ॲप बनवतेय. तिनं महाराष्ट्राच्या रकान्यात काय लिहायचं?

मुळात सुट्टी ठरते कशी? यामागे १८८१ चा कायदा आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. त्याच्या कलम २५ खाली सार्वजनिक सुट्टी राजपत्रात जाहीर होते. कायदा हुंड्या-वचनचिठ्ठ्यांचा, कारण प्रश्न पैशांचा होता. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी संपली असं धरायचं. महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी ही यादी काढतो. केंद्राची यादी वेगळी, आणि बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची यादी शहरागणिक वेगळी. २०२४ ची दिवाळी आठवतेय? केंद्राची सुट्टी ३१ ऑक्टोबरला होती, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची १ नोव्हेंबरला.

यादी फुकट मिळते. राजपत्रातला मजकूर पुन्हा छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार सहसा आडकाठीही नाही. अडचण एवढीच, की ती असते पीडीएफमध्ये. माणसाला वाचता येते, ॲपला नाही. ब्रिटनच्या सरकारी वेबसाईटवर बँक हॉलिडेची यादी जेसॉन आणि आयसीएस फाईलमध्ये तयार मिळते, तीही इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड अशी वेगवेगळी. आपल्याकडे ॲपवाल्यांना तारखा हातानं टाईप कराव्या लागतात, नाहीतर दुसऱ्याच्या भरवशावर राहावं लागतं.

हा भरवसा कुणाचा? गुगल कॅलेंडरची भारतातल्या सुट्ट्यांची फाईल फुकट जोडता येते. पण देशभराचे सण त्यात एकत्र येतात, तुमच्या जिल्ह्याचं त्यात काही नसतं. प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी पायथनची ‘हॉलिडेज’ नावाची मुक्त लायब्ररी बरी. तिला राज्य सांगता येतं, आणि चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या ईदच्या तारखेपुढे ती ‘अंदाजे’ असा शेराही देते. हा शेरा फार कामाचा आहे, पण बरेच ॲपवाले जागा वाचवायला तो उडवतात. मग वापरणारा त्या तारखेवर तिकीट काढून मोकळा होतो!

२६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १ मे, गोव्यात १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, या तारखांना काही धोका नाही. त्या एकदा भरल्या की झालं. बाकीच्या प्रत्येक सुट्टीपुढे ती कुठल्या जिल्ह्याला लागू, कुठल्या अधिसूचनेतून घेतली आणि कधी तपासली हे तीन रकाने ठेवले, तर ८ सप्टेंबरसारखा बदल एका ओळीत दुरुस्त होतो.