प्रतिद्रव्यही खालीच पडतं

‘सापेक्षता आणि क्वांटम भौतिकी यांचं अजून जमलेलंच नाही’ हे विधान लोकप्रिय विज्ञानात इतक्या वेळा कानावर येतं, की ते पूर्ण खरं वाटू लागतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात विसाव्या शतकातलं फार मोठं यश झाकलं जातं. आइनस्टाइन यांचे सापेक्षता सिद्धांत दोन. १९०५चा विशिष्ट सिद्धांत वेग, काळ आणि ऊर्जा यांचा. १९१५चा व्यापक सिद्धांत गुरुत्वाकर्षणाचा. क्वांटमशी सांधा जुळायचा राहिला आहे तो दुसऱ्याचा. पहिल्याचा १९२८ सालीच जुळला, केंब्रिजमध्ये, पंचवीस वर्षांच्या पॉल डिरॅक यांच्या हातून.

ही जुळणी कागदापुरती नाही. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने वावरतात, आणि सापेक्षतेचा परिणाम बाहेरच्या कक्षांपर्यंत पोचतो. तिथल्या ऊर्जापातळ्यांमधलं अंतर कमी होतं, सोनं निळा प्रकाश शोषतं आणि म्हणून पिवळं दिसतं. सापेक्षता वगळून हिशेब केला, तर सोन्याचा रंग चांदीसारखा निघतो.

याच जुळणीतून प्रतिद्रव्य आलं. सापेक्षतेत ऊर्जेचं सूत्र वर्गाच्या रूपात येतं, आणि वर्गमूळ काढलं की धन व ऋण अशी दोन उत्तरं मिळतात. जुन्या भौतिकशास्त्रात ऋण उत्तर खुशाल सोडून देता येत होतं, कारण दोन्हींच्या मध्ये दरी आहे आणि वस्तू सरकत सरकत ती ओलांडू शकत नाही. क्वांटममध्ये इलेक्ट्रॉन उडी मारतो, त्यामुळे ऋण उत्तराचा अर्थ लावणं भागच होतं. डिरॅक यांनी कल्पना मांडली की ऋण पातळ्या सगळ्या भरलेल्या आहेत आणि त्यातली रिकामी जागा धनभारित कणासारखी वागते. तो कण म्हणजे प्रोटॉन असावा, असं आधी त्यांना वाटलं. पण त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकंच असायला हवं, हे हेरमान वाइल आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या युक्तिवादांतून स्पष्ट झालं, आणि १९३१ साली डिरॅक यांनी नव्या कणाचं भाकीत केलं: प्रति-इलेक्ट्रॉन, म्हणजे आजचा पॉझिट्रॉन.

या इतिहासामुळेच ‘प्रतिद्रव्याची ऊर्जा ऋण असते’ असा समज पसरला. तसं असतं तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटल्यावर बेरीज शून्य आली असती, काहीच उरलं नसतं. प्रत्यक्षात प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा फोटॉन बाहेर पडतात. म्हणजे दोघांची ऊर्जा धन आहे आणि वस्तुमान समान आहे. उलटा असतो तो विद्युतभार. भार नसलेल्या न्यूट्रॉनलाही प्रतिकण आहे, कारण त्या प्रतिकणाच्या आतले क्वार्क उलट भाराचे असतात.

भरलेल्या ऋण पातळ्यांचं चित्र आज आवश्यक मानलं जात नाही. पायॉनसारख्या कणांना ते लागूच पडत नाही, आणि तरी त्यांना प्रतिकण असतात. खरं कारण अधिक खोल आहे आणि मला ते या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. रिचर्ड फाइनमन यांनी १९८६ साली डिरॅक यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात ते उलगडलं होतं. क्वांटमच्या नियमांनुसार कणाचं स्थान काटेकोर ठरत नाही, त्यामुळे प्रकाशालाही वेळेत गाठता येणार नाही अशा ठिकाणी पोचण्याचा वाटाही गणितात उरतो. अशा दोन घटनांमध्ये आधी कोणती, हे वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांचं वेगवेगळं ठरतं. एकाच्या लेखी इलेक्ट्रॉन ‘क’पासून ‘ख’कडे गेला, दुसऱ्याच्या लेखी ‘ख’ची घटना आधी घडली. दोघांचा भाराचा हिशेब जुळायचा, तर दुसऱ्याला दिसणारा कण उलट भाराचा हवा. प्रतिकण नसते तर ही दोन शास्त्रं एकत्र नांदलीच नसती.

‘डिरॅकनी सांगितलं आणि अँडरसननी शोधलं’ ही कथाही सरळ नाही. कार्ल अँडरसन कॅलटेकमध्ये विश्वकिरणांचे फोटो घेत होते. २ ऑगस्ट १९३२ च्या फोटोत एक कण ६ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पट्टीतून पार झाला होता. पट्टीनंतर त्याची ऊर्जा घटून मार्ग चुंबकीय क्षेत्रात जास्त वळला होता, त्यावरून दिशा कळली आणि दिशेवरून भार: धन. मात्र तेवढं वळण घेणारा प्रोटॉन इतका लांब जाऊ शकला नसता, म्हणजे हा कण वेगळा होता. अँडरसन काही डिरॅक यांचा कण शोधत नव्हते. दोन धागे जोडले पॅट्रिक ब्लॅकेट आणि ज्युझेप्पे ओक्यालिनी यांनी, १९३३ साली.

पुढच्या काही वर्षांतच होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं गणित मांडलं. ही जोडी नष्ट होऊन पुन्हा जन्मू शकते, हा वाटा त्यांनी त्यात धरला. हे गणित १९३६ साली प्रसिद्ध झालं, आणि या प्रक्रियेला आज भाभा स्कॅटरिंग म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलईपी या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्रात टकरींचं प्रमाण मोजायला हीच प्रक्रिया वापरली गेली.

प्रतिद्रव्यापासून ऊर्जा मिळवण्याचं स्वप्न मात्र सोडून द्यायला हवं. १ ग्रॅम प्रतिद्रव्य १ ग्रॅम द्रव्याला भिडलं तर सुमारे ४३ किलोटन टीएनटीइतकी ऊर्जा निघेल, हे खरं. पण पृथ्वीवर त्याची खाण नाही. ते बनवायला मिळणाऱ्या ऊर्जेच्या कोट्यवधी पट ऊर्जा लागते. सर्नमध्ये आजवर बनलेलं सगळं प्रतिद्रव्य एका ग्रॅमच्या अगदी सूक्ष्म अंशाइतकंच भरतं.

प्रतिद्रव्य गुरुत्वाकर्षणाला विरोध करून वर जातं का? सर्नच्या अल्फा गटाने उभ्या चुंबकी सापळ्यात प्रतिहायड्रोजनचे अणू धरले आणि हळूहळू सोडले. बहुतेक खालून बाहेर पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्वरणाचं मोजमाप अजून ढोबळ आहे, पण दिशेबद्दल शंका उरलेली नाही.

आणि प्रतिद्रव्य प्रयोगशाळेतच असतं असंही नाही. केळ्यातलं, आपल्या शरीरातलं पोटॅशियम-४० क्वचित पॉझिट्रॉन सोडतं. पीईटी स्कॅनमध्ये तर पॉझिट्रॉन सोडणारं औषध मुद्दाम शरीरात घातलं जातं: फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोज भुकेल्या गाठीत साचतं, त्यातला पॉझिट्रॉन जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटतो, आणि विरुद्ध दिशांना निघालेले दोन फोटॉन यंत्र एकाच क्षणी टिपतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून ही सोय आहे. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे औषध त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी द्यावं लागतं, आणि ते बनवणारा सायक्लोट्रॉन रुग्णालयापासून फार लांब ठेवता येत नाही.