प्रताधिकार, अंकीय प्रकाशनातील

साहित्यकृतीच्या प्रती काढणे, त्या प्रसृत करणे, तिचा अनुवाद वा रूपांतर करणे इ. गोष्टींचा जो अनन्य हक्क कायद्याने निर्मात्यास मिळतो, त्यास प्रताधिकार म्हणतात. ‘कॉपीराइट’ या नावानेही तो परिचित आहे. अंकीय किंवा डिजिटल प्रकाशनात कागदी प्रतीची जागा संगणकीय फाइल घेते. फाइलची प्रत काढण्यास खर्च जवळजवळ येत नाही आणि मूळ व प्रत यांत फरकही राहत नाही. त्यामुळे प्रकाशकाचे खरे भांडवल छापील साठ्यापेक्षा त्याच्या हाती असलेले हक्क हेच ठरते. कोणता हक्क, कोणत्या माध्यमापुरता, किती मुदतीसाठी व कोणत्या प्रदेशासाठी आपणास मिळाला आहे, याची नोंद ठेवणे, तो वापरणे, इतरांस देणे व त्याचे रक्षण करणे, या कार्यास हक्कव्यवस्थापन अशी संज्ञा आहे.

कायद्याची पार्श्वभूमी : भारतात १८४७ व १९१४ च्या कायद्यांनंतर १९५७ चा प्रताधिकार अधिनियम संमत झाला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. १९९४ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक साधनांनी कोणत्याही माध्यमात कृती साठविणे हाही प्रत काढण्याचाच प्रकार मानण्यात आला. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने १९९६ मध्ये अंकीय माध्यमांस अनुसरून प्रताधिकारविषयक करार केला. त्याच्याशी सुसंगत अशा तरतुदी भारताने २०१२ च्या दुरुस्तीने केल्या व २०१८ मध्ये तो करार स्वीकारला.

मुदत : लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा प्रताधिकार भारतात त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या (मृ. १९४१) साहित्यावरील हक्क संपण्याच्या सुमारास, १९९२ च्या कायद्याने ती वाढविण्यात आली. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांस खुली झाली. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले. त्यांच्या अशा पुस्तकांवरील हक्क २०३६ अखेरपर्यंत टिकतो. मात्र मूळ कृती खुली झाली, तरी तिचा नवा अनुवाद, नवी प्रस्तावना वा नवी चित्रे यांवरील हक्क स्वतंत्रपणे शिल्लक राहू शकतो.

हस्तांतरण व नवी माध्यमे : प्रताधिकाराचा प्रथम स्वामी सामान्यतः लेखक असतो आणि हक्क निर्माण होण्यास नोंदणीची आवश्यकता नसते. लेखकाने जेवढे लिहून दिले, तेवढेच प्रकाशकास मिळते. हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीचे असावे लागते. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश व मोबदला यांचा निर्देश असावा लागतो. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची, तर प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. मिळालेला हक्क एक वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो संपुष्टात येतो.

ई-पुस्तके व श्राव्य पुस्तके येण्यापूर्वीच्या करारांत या माध्यमांचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. हक्क पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्यापुरता दिला असेल, तर त्यात ई-पुस्तक येते काय, हा प्रश्न अमेरिकेत रँडम हाउस व रोझेटा बुक्स यांच्यातील वादात उपस्थित झाला. विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट व रॉबर्ट बी. पार्कर यांच्या आठ पुस्तकांच्या ई-आवृत्त्या रोझेटाने लेखकांकडून परवाने घेऊन काढल्या होत्या. त्यांस मनाई करण्याची मूळ प्रकाशकाची अंतरिम मागणी न्यायालयाने २००१ मध्ये नाकारली व २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने याविषयी स्पष्ट नियम घालून दिला : हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्यास ते हस्तांतरण लागू होत नाही, मात्र त्या माध्यमाचा करारात खास उल्लेख असल्यास ते लागू होते. जुन्या पुस्तकाची ई-आवृत्ती काढू इच्छिणाऱ्या प्रकाशकास म्हणूनच मूळ करार तपासून, आवश्यक तेथे लेखकाची वा त्याच्या वारसांची नव्याने संमती घ्यावी लागते.

विक्री व परवाना : विकत घेतलेले छापील पुस्तक वाचक दुसऱ्यास देऊ शकतो किंवा जुन्या बाजारात विकू शकतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र ग्राहकास बहुधा काही अटींवर वाचण्याचा परवाना मिळतो. या भेदाचे स्वरूप २००९ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही ई-आवृत्त्या अमेरिकेतील हक्क नसलेल्या विक्रेत्याने ॲमेझॉनच्या दुकानात ठेवल्या होत्या. हे निदर्शनास येताच ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या किंडल वाचनयंत्रांतून दूरस्थ रीतीने काढून टाकल्या व पैसे परत केले. ऑर्वेल १९५० मध्ये निवर्तला. त्याची ही पुस्तके भारतात २०११ पासून खुली आहेत; अमेरिकेत मात्र ‘नाइन्टीन एटी-फोर’वरील हक्क २०४४ अखेरपर्यंत टिकतो. फाइल क्षणार्धात सीमा ओलांडत असली, तरी हक्क देशागणिक निराळा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

तांत्रिक संरक्षण : फाइल ठराविक यंत्रांवरच उघडावी, तिची नक्कल वा छपाई करता येऊ नये, यांसाठी सांकेतिक कुलुपे वापरतात. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणे हा भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. शीर्षक, लेखक, हक्कधारक, वापराच्या अटी इ. दर्शविणारी फाइलमधील माहिती अनधिकाराने व जाणूनबुजून काढणे वा बदलणे, यासही तेवढीच शिक्षा आहे. मात्र वाचकाची ओळख पटविणारी योजना कायद्याने या माहितीच्या व्याख्येतून वगळली आहे. महाजालावर अनधिकृत प्रत आढळल्यास हक्कधारकास संबंधित मध्यस्थ संस्थेकडे लेखी तक्रार करता येते. त्यानंतर त्या संस्थेने ती प्रत एकवीस दिवसांपर्यंत उपलब्ध होऊ द्यावयाची नसते. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा आदेश न आल्यास ती पुन्हा खुली करता येते.

हक्काच्या मर्यादा : कुलूप यांत्रिक असते, वापरण्याचा हेतू त्यास ओळखता येत नाही. कायदा मात्र खाजगी अभ्यास, संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी वाजवी वापरास मोकळीक देतो. सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील छापील पुस्तक जतनासाठी अंकीय रूपात साठविता येते. दृष्टिहीनांसाठी सुलभ रूपातील प्रती विनानफा तत्त्वावर काढण्याचीही मुभा आहे. या विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला भारताने २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन दिले. लेखकाचा वा वारसाचा शोध लागत नसलेल्या प्रकाशित कृतींसाठी सक्तीच्या परवान्याची तरतूदही २०१२ च्या दुरुस्तीने करण्यात आली आहे.

कुलुपे मोडली जाऊ शकतात व तक्रारीस वेळ लागतो. म्हणून सुस्पष्ट करार व अद्ययावत हक्कनोंदवही हेच हक्कव्यवस्थापनाचे मूळ साधन होय. लेखक, अनुवादक, चित्रकार व मुखपृष्ठकार यांच्याशी झालेल्या करारांत छापील, ई-पुस्तक व श्राव्य अशा प्रत्येक रूपाचा पृथक् उल्लेख आणि स्वामित्वधनाचा दर असणे इष्ट असते. ज्या पुस्तकाचे कागदपत्र हरवले व वारस अज्ञात राहिले, ते वाचकांच्या मागणीनंतरही नव्या माध्यमात येणे दुष्कर होते. अशा वेळी लेखक व प्रकाशक यांच्याबरोबर वाचकाचीही हानी होते.