पॉईंट टू-टू पिस्तुलाचा ट्रिगर: बदलायच्या आधी तपासा, कानस तर लावूच नका

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी नवीन नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक कांस्य जिंकलं. एकाची रायफल, दुसरीचं पिस्तूल, पण काडतूस दोन्हीकडं तेच, पॉईंट टू-टू. एअर पिस्तुलावर हात बसला की पोरं याच पॉईंट टू-टूकडं वळतात आणि पहिल्या काही महिन्यांतच तक्रार सुरू होते, "सर, ट्रिगर जड लागतोय, हलका करून द्या."

इथंच घाई नडते. ट्रिगर जड वाटण्याची कारणं बरीच असतात. त्यातली निम्मी तरी फडक्यानं आणि ब्रशनं सुटतात.

१००० ग्रॅमची अट

२५ मीटरच्या स्पर्धेत ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. एअर पिस्तुलाला हीच अट ५०० ग्रॅमची आहे. म्हणजे एअरवरून आलेल्या पोराला नवा ट्रिगर दुप्पट जड लागणारच. तो बिघाड नव्हे, बोटाला सवय नाही एवढंच.

तपासणी सोपी असते. पिस्तूल रिकामं करून कॉक करतात, नळी सरळ वर धरतात, ट्रिगरच्या मध्यावर एक किलोचं वजन अडकवून ते टेबलावरून अलगद उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. स्पर्धा झाल्यावरही निवडक खेळाडूंची तपासणी होते आणि त्यात वजन कमी भरलं तर खेळाडू बाद. साठ गोळ्यांची मेहनत तिथंच संपते. म्हणून काट्यावर बरोब्बर १००० ठेवू नका. वीस-तीस ग्रॅम जादा असू द्या. स्प्रिंग थोडी सैल झाली, स्क्रू जरासा फिरला तरी अंगाशी येत नाही.

आत चालतं काय?

टार्गेट पिस्तुलाचा ट्रिगर बहुतेक दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं मागं जातं आणि एका जागी अडतं. त्या अडलेल्या जागेवरून थोडा जोर वाढवला की शॉट. एकूण वजनातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात घेतला तर दुसरा टप्पा हलका लागतो. नियमही मोडत नाही आणि बोटालाही बरं वाटतं. चांगल्या पिस्तुलात दोन्ही टप्प्यांना वेगळे स्क्रू दिलेले असतात.

हॅमरला अडवून धरणारा तुकडा म्हणजे सीअर. सीअर आणि हॅमर एकमेकांत किती अडकलेत यावर सगळं अवलंबून. जास्त अडकले तर ट्रिगर घासत, रखडत सुटतो, याला क्रीप म्हणतात. फार कमी अडकले तर धक्क्यानंही हॅमर सुटू शकतो. शॉट सुटल्यावर ट्रिगर आणखी किती मागं जाईल हे ट्रिगर स्टॉपचा स्क्रू ठरवतो. तो फार ढिला असेल तर शॉटच्या क्षणी बोट मागं झेपावतं आणि नळी हलते.

अपग्रेडची सुरुवात फुकटात होते

नवा भाग मागवायच्या आधी ट्रिगरचं पातं पुढं-मागं सरकवून बघा. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग पात्यावर सपाट बसला पाहिजे. पातं लांब पडलं की बोटाचं टोक लागतं, जोर तिरका जातो आणि एक किलोचा ट्रिगर दीड किलोचा वाटतो. मात्र पातं हलवल्यावर वजन पुन्हा मोजायचं, कारण तरफ बदलते.

मग ट्रिगर स्टॉप, मग पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची वाटणी. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा, आणि किती फिरवला ते वहीत लिहा. कोणता स्क्रू कशाचा हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, अंदाजानं नको. एवढं करूनही भागलं नाही तरच कंपनीची स्प्रिंग किंवा पूर्ण ट्रिगर युनिट बदलायचा विचार करा. जुन्या वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलात तर अख्खं युनिटच काढून दुसरं बसवता येतं.

सीअरला कानस किंवा पॉलिश पेपर मात्र कधीच नाही. त्याच्या पृष्ठभागावर कडक केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. तो घासला गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. आठ दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो, नंतर कधीही सुटतो. उद्यमनगरात काय बनत नाही, हे खरं. पण बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडं पिस्तूल नेणं म्हणजे त्यालाही अडचणीत आणणं.

बिघाड ओळखा

*वजन रोज वेगळं भरतं:* पॉईंट टू-टूच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. त्यात जळलेल्या दारूची काजळी मिसळून चिकट राळ होते. आधी साफ करा, तेलाचा एकच थेंब द्या, मग मोजा. तरी फरक पडत असेल तर सैल झालेला स्क्रू किंवा दमलेली स्प्रिंग शोधा.

*टक् आवाज येतो, गोळी सुटत नाही:* यात ट्रिगरचा दोष क्वचितच असतो. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. नळी टार्गेटकडंच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, गोळी उशिरा पेटू शकते. मग काडतूस काढून कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर काडतूस खराब. पुसट असेल तर चेंबरमध्ये घाण, हॅमरची स्प्रिंग कमजोर किंवा पिन झिजलेली.

*शॉटनंतर ट्रिगर मेलेला लागतो:* ट्रिगर स्टॉप जास्त आवळला गेला असेल किंवा आत कचरा अडकून ट्रिगर पूर्ण पुढं येत नसेल.

*एकदा दाबला, दोन गोळ्या सुटल्या:* तिथल्या तिथं गोळीबार थांबवा. "परत होतंय का बघू" म्हणून मॅगझिन भरू नका. सीअर धरत नाही, पिस्तूल थेट परवानाधारक आर्मररकडं.

ड्राय फायरिंगचंही ध्यानात ठेवा. रिमफायर पिस्तूल रिकामं चालवलं तर काही मॉडेलमध्ये पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते. ड्राय फायरची सोय नसेल तर डमी काडतूस वापरा.

स्पर्धेत अडकलं तर

पिस्तूल टार्गेटकडंच धरा, पकड सोडू नका, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसरला येऊ द्या. घाबरून स्वतःच बोल्ट ओढला किंवा सेफ्टीला हात लावला तर खरा बिघाडही नियमात मान्य होत नाही.

यंत्र ऐनवेळी काय करू शकतं हे सगळ्या देशानं टोकियोत पाहिलं. २०२१ मध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती १२ व्या जागी राहिली. अंतिम फेरीत पहिल्या आठांनाच जागा होती. तिनं पॅरिसला दोन कांस्य आणून भरपाई केली. तालुक्यातल्या पोराला मात्र राज्य स्पर्धेची संधी वर्षातून एकदाच मिळते.

हात लावायच्या आधी

मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघितलेलं, सेफ्टी फ्लॅग घातलेला, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ट्रिगरचं सेटिंग घरी नको, रेंजवर प्रशिक्षकांसमोर करा. बदल केल्यावर वजन दहा वेळा उचला आणि मॅगझिनमध्ये पहिल्यांदा एकच, मग दोनच गोळ्या भरून चालवून बघा. स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर फक्त सफाई करा, स्क्रूला हात लावू नका.