मेण गोठेपर्यंत

सकाळी ७:३०. भिवंडीतल्या कामतघरातल्या आमच्या गाळ्यात पहिलं काम म्हणजे रात्री चार्ज झालेल्या तीनचाकी मालगाड्या तपासणं. मे महिन्यात गाडी हलायच्या आधीच सेल ३२ अंशांवर असतात. लिथियम सेलला १५ ते ३५ मानवतं. रोज ४५ च्या वर जाऊ लागले की त्यांचं आयुष्य भराभर घटतं.

९ वाजता गाड्या अंजूरफाट्यामार्गे काल्हेर-माणकोलीच्या गोदामांकडे सुटतात.

११ वाजता बाकावर, सेल थंड राखायला मेण भरलेला बॅटरी पॅक उघडतो. आत काळी वडी, मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. प्रत्येक भोकात एक सेल घट्ट बसलेला. पॅराफिन मेण ग्राफाइटमध्ये मुरवलेलं असतं, कारण नुसत्या मेणातून उष्णता फार हळू सरकते. सेलजवळचं वितळतं, लांबचं घट्टच राहतं. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सईद अल-हल्लाज आणि सेलमन यांनी २००० च्या सुमारास बॅटरी मेणाने थंड राखायची वाट दाखवली. यात पंखा नाही, पंप नाही, पाण्याची नळी नाही. भिवंडीच्या धुळीत आणि कापसाच्या तुसात मला हे फार मोलाचं वाटतं.

हिशेब साधा आहे. एक किलो मेण वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेतं, आणि तेवढा वेळ त्याचं तापमान जवळजवळ वाढत नाही. समजा पॅकमध्ये २ किलो मेण आहे आणि भरल्या गाडीचे सेल १५० वॉट उष्णता सोडताहेत, तर पाऊण तास निभावतो. मेण मात्र ४०-४२ अंशांना वितळणारं हवं. ३० चं घेतलं तर इथल्या मेमध्ये ते पहिल्या खेपेआधीच पातळ झालेलं असेल.

दुपारी २. पोरगा गाडी थेट चार्जरला भिडवतो.

"दादा, लावू ना? तीनची खेप आहे."

"थांब रे. पॅक ४३ वर आहे. आधी सावलीत घे, पंखा सोड."

"पण मेण आहे ना आत?"

"आहे, पण सगळं वितळलंय. आता त्याच्यात काही मावणार नाही."

हेच रोज समजवावं लागतं. मेण उष्णता संपवत नाही, धरून ठेवतं. ती बाहेर गेली आणि मेण पुन्हा गोठलं, तरच पुढच्या खेपेला उपयोग. चार्जिंगनेही सेल तापतात. वितळलेल्या मेणावर चार्जिंग म्हणजे पॅक उघड्यावर सोडणं.

५ वाजता पॅक बंद करताना वायू बाहेर पडायची झडप मी दोनदा बघतो. पॅराफिन जळतं, हे विसरून चालत नाही. एका सेलची आग शेजारच्याला लागू नये म्हणून २०२२-२३ पासून एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षा मानकाचे नियम कडक झाले, ते योग्यच झालं.

रात्री ८. शेठ विचारतात, आणखी दोन किलो मेण घातलं तर? घाला, पण वजन वाढेल, तेवढा माल कमी. मी त्यांच्याकडे वेगळंच मागतोय: पॅकला ॲल्युमिनियमची पेटी, उभ्या गाड्यांवर पत्र्याऐवजी हिरवी जाळी, आणि खेपांमध्ये पाऊण तासाची सुट्टी. जाळी उद्या येतेय. सुट्टीचं ते गोदामवाल्यांशी बोलणार आहेत.