खापरखेडा ते धापेवाडा : एक रम्य मार्ग

खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या उंच धुराड्यांना पाठ देऊन, स्वतःच्या वाहनाने पाटणसावंगीमार्गे कोलार नदीकाठच्या सावनेरकडे जो निघतो, त्याला कोळशाच्या खाणींचा काळसर मुलूख ओसरून कापसाची शेते व फळभाराने वाकलेल्या फांद्यांना बांबूंचे टेकू दिलेल्या संत्र्यांच्या बागा लागतात. पुढे आदासा येथे टेकडीवर एकाच पाषाणातील भव्य गणेशमूर्ती आहे. तिथे घाई करू नये. तेथून जवळच चंद्रभागेच्या तीरी, विदर्भाचे पंढरपूर म्हणून ख्यात असलेले धापेवाडा असून भोसले दरबारच्या दिवाणांनी बांधविलेल्या तेथील विठ्ठलमंदिरात आषाढात मोठी यात्रा भरते. निवांत दर्शन हवे असेल, तर वाचकांनी यात्रेचे दिवस टाळून हिवाळ्यातच निघावे.