वाटाण्याची पटकथा

१९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके नावाचा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ कुंडीत वाटाणे पेरून त्यांच्यावर कॅमेरा रोखून बसला होता. छापखान्याचा चांगला चाललेला धंदा भागीदारांशी न पटल्यामुळे सुटलेला. विम्याच्या पॉलिसी गहाण पडलेल्या. सिनेमे बघून आणि जागरणं करून मध्यंतरी दृष्टीच गेली होती, ती उपचारांनी कशीबशी परत आलेली. एवढं झाल्यावर या माणसाने महिनाभर वाटाणा निरखावा, म्हणजे डोकं फिरलं असंच कोणीही म्हणालं असतं.

वर्षभरापूर्वी गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला होता आणि पडद्यावर राम-कृष्ण कधी दिसणार या विचाराने त्यांची झोप उडाली होती. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. कॅमेरा आला, कच्ची फिल्म आली. अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. अडलं होतं ते पैशापाशी. देशी माणूस चित्रपट काढील यावर सावकाराने विश्वास ठेवावा तरी कशाच्या जोरावर? नमुना दाखवायचा, तर नट नाहीत, पडदे नाहीत, पोशाख नाहीत.

मग नायक ठरला वाटाणा. बी, कोंब, पानं, वर चढणारा वेल, एवढीच गोष्ट. महिन्याहून जास्त दिवसांची ही वाढ पडद्यावर मिनिटभरात उरकायची होती. जरा हिशोब करून बघा. सेकंदाला १६ चित्रं धरली तर मिनिटाला ९६० होतात. तीस दिवसांत वाटली, तर दिवसाला फक्त ३२. म्हणजे कॅमेऱ्याची मूठ फिरवण्यापेक्षा ती न फिरवण्याचंच काम जास्त. कुठला क्षण घ्यायचा आणि कुठला गाळायचा, हे आधी मनाशी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते पटकथा लिहिणं म्हणजे हेच. फाळक्यांना कॅमेरा लंडनमध्ये मिळाला. पडद्यावरचा काळ आपल्या मुठीत असतो, हे मात्र त्यांना या कुंडीसमोर सापडलं.

‘अंकुराची वाढ’ निवडक मंडळींना दाखवली गेली. मिनिटभरात बी वेल होऊन चढताना पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो इतिहास शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे, त्यामुळे इथे थांबत नाही.

त्याच १९१२ साली कॅलिफोर्नियात राहणाऱ्या अनिता लूस या तरुणीने ‘द न्यूयॉर्क हॅट’ नावाची एका रिळाची गोष्ट बायोग्राफ कंपनीला टपालाने पाठवली. कंपनीने तिला २५ डॉलर दिले, ग्रिफिथने दिग्दर्शन केलं, मेरी पिकफर्डने काम केलं. तिथे गोष्टींना गिऱ्हाईक होतं. इथे फाळक्यांनीच लिहायचं, त्यांनीच चित्रण करायचं, त्यांनीच धुवायचं आणि त्यांनीच गिऱ्हाईकही शोधायचं.

जानेवारी १९१४ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ लागला तेव्हा त्याच्या जोडीला त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट दिला. आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नारायणगावच्या फडांचे तमाशे पाहत वाढलेल्याला गण, गौळण, बतावणी आणि मग वग हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. बतावणीने हसवून मोकळं केलेलं पब्लिकच पुढे वगात रडायला तयार होतं. फाळक्यांनी तमाशावरून हे उचललं असा माझा दावा नाही. पण प्रेक्षक त्यांनी ओळखला होता तो हाच.

पुढे महायुद्ध पेटलं आणि पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्याआधी इंग्लंडमध्ये राहून चित्रपट काढण्याचं निमंत्रण त्यांनी नाकारलं होतं. मोठा चित्रपट परवडेना, तेव्हा ते छोट्यांकडे वळले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांनाच नाचवलं, वाटाण्याचीच युक्ती, फक्त इथे नायक निर्जीव. जादूच्या प्रयोगांसाठी तर त्यांनी स्वतःचंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ हा अवतार घेतला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात त्यांनी आपला कारखानाच उघडा करून दाखवला. त्याचे काही तुकडे शिल्लक आहेत आणि त्यांत काम करणारे फाळके दिसतात. चरित्रकार हा काळ अडचणीचा म्हणून दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. अक्षर गिरवावं तसा त्यांनी याच काळात हात बसवला.

तो बसलेला हात १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये दिसतो. राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंक्यांनी केल्या. एक नट दोघे कसा होणार? कथा ताटातुटीची: सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे. समोरासमोर यायची गरज फारशी पडतच नाही. चित्रपट धो धो चालला, आणि तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असं सांगतात.